करोल बागेतली मुळी

मेंदूवरच्या औषधांचा इतिहास सांगायला बसलेला माणूस बहुधा पॅरिस, बासेल किंवा न्यूयॉर्कपासून सुरुवात करतो. मी आज दिल्लीच्या करोल बागेपासून करणार आहे. दिल्ली, नोएडा, गुडगावात राहणाऱ्या मराठी माणसाला करोल बाग ठाऊक असते ती लग्नाच्या खरेदीसाठी आणि मोटारींच्या सुट्या भागांसाठी. तिथल्या मुख्य बाजाररस्त्याचं नाव अजमल खान रोड. हे अजमल खान कोण, असं भाव करणाऱ्या गर्दीला विचारलंत तर फार थोडे जण सांगू शकतील. त्याच रस्त्यावर आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेज आहे. आज आपल्याला डोपामिन, सेरोटोनिन हे शब्द घरगुती झालेले दिसतात. त्या कथेचा एक मोठा धागा या आवारातून गेलेला आहे.

हकीम अजमल खान यांचा जन्म १८६८ सालचा. चांदणी चौकाला लागून असलेल्या बल्लीमारानमध्ये त्यांच्या घराण्याची हवेली, शरीफ मंझिल. पिढ्यानपिढ्या युनानी वैद्यकी. हकीमसाहेब १९२१च्या अहमदाबाद काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि जामिया मिल्लियाचे पहिले कुलपती. पण आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे: आपल्या शास्त्राला प्रयोगशाळेच्या कसोटीवर घासून घेतलं पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटत होतं. परंपरेच्या गादीवर बसलेल्या माणसाला असं वाटणं आजही दुर्मीळ आहे, तेव्हा तर होतंच.

तिब्बिया कॉलेजचं उद्घाटन १३ फेब्रुवारी १९२१ रोजी गांधीजींनी केलं. गांधीजींचं आधुनिक वैद्यकाबद्दलचं मत आपल्याला माहीत आहे, आणि त्या दिवशीही त्यांनी ते लपवलं नाही. पण त्याच भाषणात त्यांनी पाश्चात्त्य शास्त्रज्ञांच्या शोधक वृत्तीला वंदन केलं आणि आपल्या वैद्य-हकिमांत ती वृत्ती नाही म्हणून त्यांना चार शब्द सुनावले. उद्घाटनाला बोलावलेल्या पाहुण्याने यजमानांच्या व्यवसायाला त्यांच्याच मंडपात असं ऐकवायचं, म्हणजे कमालच. मला वाटतं, हकीमसाहेबांना ते आवडलंच असेल.

त्यांना हवा तसा माणूस मिळाला तो सलीमुज्जमाँ सिद्दिकी. लखनौजवळच्या बाराबंकी भागातला हा तरुण, जन्म १८९७. अलीगढला तत्त्वज्ञान आणि फारसी शिकलेला. लंडनला गेला वैद्यक शिकायला, तिथून वर्षभरात जर्मनीत फ्रँकफर्टला गेला आणि रसायनशास्त्रात रमला. १९२७ मध्ये डॉक्टरेट मिळवली. शिवाय हा गृहस्थ कोळशाने चित्रं काढायचा, आणि फ्रँकफर्टमध्ये त्यांचं प्रदर्शनही भरलं होतं. परत आल्यावर हकीमसाहेबांच्या योजनेप्रमाणे तिब्बिया कॉलेजात संशोधन संस्था उभी करायचं काम त्यांच्याकडे आलं. पण संस्था सुरू झाली १९२८ मध्ये, आणि हकीमसाहेब डिसेंबर १९२७ मध्येच गेले होते. आपण लावलेल्या झाडाचं फळ त्यांनी पाहिलं नाही.

संशोधनासाठी निवडलेल्या वनस्पतींपैकी एक होती सर्पगंधा. युनानीत तिला असरोल म्हणतात, हिंदीत छोटा चाँद. मुंगूस सापाशी लढायला जाण्याआधी एक मुळी खाऊन येतं, ही समजूत आपल्याकडे गावोगाव ऐकायला मिळते. ती याच मुळीशी जोडली गेली. तिचं शास्त्रीय नाव राउवोल्फिया. सोळाव्या शतकातल्या लिओनहार्ड राउवोल्फ नावाच्या जर्मन वैद्यावरून ते पडलं. हे राउवोल्फसाहेब सिरिया, बगदादपर्यंत फिरले, भारतात कधी आलेच नाहीत! नाव एका फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७०३ साली देऊन टाकलं. पण बिहारच्या बाजारात ही मुळी ज्या नावाने विकली जायची ते नाव सगळ्यात नेमकं होतं: पागल की दवा.

या नावावर क्षणभर थांबू. १९३०च्या आसपास वेड लागलेल्या माणसाला जगात कुठेही औषध नव्हतं. मुंबई असो की म्युनिक, हात बांधायचे, कोंडायचं, थंड पाण्यात बसवायचं, ब्रोमाइड किंवा बार्बिट्युरेट देऊन झोपवायचं. झोप उतरली की भ्रम जिथल्या तिथे. आणि इथे बाजारात एक मुळी होती जी माणसाला गुंगी न आणता शांत करते, असं लोक सांगत होते. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी इंडियन मेडिकल वर्ल्ड या नियतकालिकात ती दोन दुखण्यांवर चालते असं लिहिलं: वेड आणि वाढलेला रक्तदाब. पुढच्या वीस वर्षांतल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी त्या शीर्षकात आहेत. मात्र कलकत्त्यातलं हे नियतकालिक युरोप-अमेरिकेत वाचत कोण होतं?

त्याच वर्षी करोल बागेत सलीमुज्जमाँ आणि रफत हुसेन या दोन सिद्दिकींनी मुळीतून पाच अल्कलॉइड वेगळे काढल्याचं इंडियन केमिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये जाहीर केलं. अल्कलॉइड म्हणजे वनस्पतीतली नायट्रोजन असलेली संयुगं. अफूतलं मॉर्फिन, सिंकोनातलं क्विनीन ही त्याच कुळातली. पाचांचे दोन गट पडले. पांढऱ्या स्फटिकांच्या गटाला नाव दिलं अजमलीन, पिवळ्यांच्या गटाला सर्पेंटीन. पहिलं नाव अर्थातच हकीमसाहेबांचं. रस्त्यावरच्या पाटीवरचं नाव लोक विसरतील, पण हे नाव औषधशास्त्रात टिकून आहे. अजमलीन हे हृदयाच्या ठोक्यांची लय बदलणारं औषध निघालं. ब्रुगाडा सिंड्रोम नावाचा एक आजार आहे, त्यात वरून धडधाकट दिसणारी माणसं अचानक दगावतात. ईसीजीत तो लपलेला असेल तर बाहेर काढायला अजमलीनचं इंजेक्शन देऊन चाचणी करतात, युरोपात आजही.

पण मेंदूचं काय? मुळी शांत करते, स्फटिक मात्र तसं करत नव्हते. सिद्दिकी रसायनशास्त्रज्ञ होते, आणि तेव्हाच्या रसायनशास्त्रज्ञाचं डोळ्यांत भरणारं यश म्हणजे स्वच्छ स्फटिक. मुळीचा अर्क काढला, स्फटिक वेगळे केले, की भांड्याच्या तळाशी राळेसारखा चिकट, तपकिरी गाळ उरतो. त्या गाळात रस कोणाला असणार? १९४०च्या दशकात भारतातल्याच संशोधकांनी दाखवलं की झोप आणणारा गुण त्या राळेत आहे. तिथून पुढे रस्ता धरला तो स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीने. बासेलला म्युलर, श्लिटलर आणि बाइन या तिघांनी १९५२ साली त्या राळेतून शामक द्रव्य वेगळं केलं आणि नाव ठेवलं रेसर्पीन. मुळीत ते साधारण हजारात एक भाग असतं, कधी त्याहूनही कमी.

इथे आपल्याकडे दोन प्रकारची माणसं दोन प्रकारची भाषणं करतात. एक म्हणतात, बघा, आपलं ज्ञान गोऱ्यांनी पळवलं. दुसरे म्हणतात, त्यात काय, खरा शोध तर स्वित्झर्लंडमध्येच लागला. मला दोन्ही भाषणं आळशी वाटतात. मुळी कोणत्या रोगावर चालते हे इथल्या लोकांनी हेरलं, तिचं पहिलं रसायनशास्त्र दिल्लीत झालं, गाळ महत्त्वाचा आहे हेही इथे कळलं. पण गाळात हात घालून हजारातला तो एक भाग बाहेर काढायला, त्याच्या प्रत्येक टप्प्यावर प्राण्यांवर चाचण्या घ्यायला जी माणसं, जो पैसा आणि जी चिकाटी लागते ती एका कंपनीकडे होती, आणि कॉलेजच्या आवारातल्या छोट्या संस्थेकडे नव्हती. सिद्दिकी १९४० मध्ये शांतिस्वरूप भटनागरांच्या बोलावण्यावरून सरकारी संशोधनाच्या नव्या व्यवस्थेत गेले.

रेसर्पीन जगाच्या नजरेत यायचं आणखी एक कारण आपल्या मुंबईत आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील रक्तदाबाच्या रोग्यांना सर्पगंधेच्या गोळ्या देत होते. १९४९ साली त्यांनी ५० रोग्यांच्या नोंदी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापल्या. तोवर भारतात या मुळीवर पुष्कळ लिहून झालं होतं, पण लंडनच्या नियतकालिकात आल्यावर बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी ते वाचलं आणि भारतातून गोळ्या मागवून स्वतःच्या रोग्यांवर वापरून पाहिल्या. रक्तदाब उतरत होताच, पण रोगी सांगत होते की आता जिवाची तगमग होत नाही. १९५३ साली अहमदाबादच्या डॉ. आर. ए. हकीम यांनी मनोरुग्णांवर केलेल्या उपचारांची बातमी न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली. न्यूयॉर्कजवळच्या रॉकलँड स्टेट हॉस्पिटलातले नेथन क्लाइन कामाला लागले आणि १९५४ मध्ये त्यांचा अहवाल आला. जवळपास त्याच वेळी फ्रान्समधून क्लोरप्रोमाझीन आलं. वेड्यांच्या इस्पितळातली कुलपं निघायला या दोन औषधांनी सुरुवात झाली. १९५७ चं लास्कर पारितोषिक मिळालेल्यांच्या यादीत क्लाइन आहेत, फ्रान्सचे डेनिकर आणि लाबोरी आहेत, आणि मुंबईचे वकीलही आहेत.

आता खरा प्रश्न. हे द्रव्य मेंदूत जाऊन करतं काय?

तोवर मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेने बोलतात की रसायनाने, यावर कडाक्याचा वाद चालू होता. १९५३ मध्ये बेटी ट्वारोग आणि अर्विन पेज यांनी सेरोटोनिन मेंदूत असतं असं दाखवलं. असतं हे ठीक, पण ते तिथे काही काम करतं का? अमेरिकेत बेथेस्डा इथल्या सरकारी प्रयोगशाळेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या गटाकडे एक नवं यंत्र होतं. ते प्रकाशाच्या झळाळीवरून अतिसूक्ष्म प्रमाणातली रसायनं मोजत असे. १९५५ मध्ये त्यांनी सशांना रेसर्पीन दिलं आणि मेंदूतलं सेरोटोनिन मोजलं. ते जवळजवळ संपलं होतं. औषध दिलं, प्राण्याची वागणूक बदलली, आणि त्याच वेळी मेंदूतल्या एका ठरावीक रसायनाची पातळी कोसळली. वागणूक आणि रसायन यांची गाठ अशी मोजून घातलेली त्याआधी कोणी पाहिली नव्हती.

ब्रोडींकडे काही महिने काम करायला स्वीडनचे आर्विड कार्लसन आले होते. त्यांच्या मनात आलं, सेरोटोनिनच कशाला, दुसरी रसायनंही संपत असतील. परत जाऊन त्यांनी पाहिलं तर खरंच नॉरअॅड्रेनलिनही संपत होतं. मग १९५७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध प्रयोग केला. रेसर्पीन दिलेला ससा कान पाडून, अंग टाकून पडतो. हलवला तरी हलत नाही. त्याला सेरोटोनिनचा कच्चा माल दिला, काही झालं नाही. एल-डोपा दिला, आणि पाव तासात ससा उठून बसला, इकडेतिकडे बघायला लागला. एल-डोपापासून शरीरात आधी डोपामिन बनतं आणि त्यापासून नॉरअॅड्रेनलिन. डोपामिन म्हणजे वाटेवरचं एक स्टेशन, अशी तोवरची समजूत. कार्लसन यांनी मोजलं तर उठून बसलेल्या सशाच्या मेंदूत नॉरअॅड्रेनलिन वाढलेलंच नव्हतं, डोपामिन वाढलं होतं. स्टेशन नव्हतं, तेच गाव होतं.

हे नक्की कसं घडतं ते दिल्लीकराला समजावणं सोपं आहे, कारण आपलं सगळं आयुष्य गच्चीवरच्या टाकीवर चालतं. चेतापेशीच्या टोकाला सूक्ष्म पिशव्या असतात, त्या म्हणजे टाक्या. डोपामिन, नॉरअॅड्रेनलिन, सेरोटोनिन ही रसायनं पेशीत तयार होतात आणि पिशवीच्या भिंतीतला एक प्रथिनांचा पंप ती आत चढवतो. संदेश आला की पिशवी फुटते, रसायन पलीकडच्या पेशीवर पडतं. रेसर्पीन हा पंपच निकामी करतं. टाकीत नवं पाणी चढत नाही, जुनं झिरपतं, आणि झिरपलेलं पेशीतलं मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं विकर नष्ट करतं. नळ उघडला तरी कोरडा. पंप इतका घट्ट अडकतो की औषध शरीरातून निघून गेल्यावरही परिणाम दिवसचे दिवस राहतो. कार्लसननी टाकी दुरुस्त केली नाही. त्यांनी बादल्या भरभरून पाणी घरात आणून ओतलं, तेवढ्यापुरतं काम चाललं.

माणसांत रेसर्पीन जास्त झालं की हातपाय थरथरतात, अंग ताठरतं, चाल मंदावते, म्हणजे थेट पार्किन्सनची लक्षणं. डॉक्टरांना हे दिसत होतं, पण त्यात दडलेलं उत्तर दिसायला ससा उठावा लागला. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि होर्निकिएविच यांनी पार्किन्सनने मेलेल्या माणसांचे मेंदू तपासले, आणि हालचाली सांभाळणाऱ्या भागात डोपामिनचा खडखडाट सापडला. पुढच्याच वर्षी बिर्कमायर यांनी रोग्यांना एल-डोपा टोचला. उठता न येणारी माणसं उठली. १९६७ मध्ये अमेरिकेत कोट्झियास यांनी तोंडाने मोठ्या मात्रेत तो देऊन उपचार स्थिर केला. तुमच्या माझ्या घरातल्या पार्किन्सनच्या आजोबांना आज दिवसातून तीनचार वेळा जी गोळी दिली जाते, ती हीच.

गंमत बघा, १९६० साली लंडनमध्ये सिबाच्याच प्रतिष्ठानाने भरवलेल्या परिषदेत कार्लसननी आपलं म्हणणं मांडलं तेव्हा जमलेल्या दिग्गजांनी ते जवळपास उडवून लावलं. त्यांना नोबेल मिळालं ते २००० साली.

या कथेचा एक तुकडा अजून आपल्या डोक्यात काट्यासारखा रुतलेला आहे, त्यावर थोडं बोलतो. रक्तदाबासाठी रेसर्पीन घेणाऱ्या काही रोग्यांना खोल नैराश्य आलं. १९५४ मध्ये एडवर्ड फ्राइस यांनी मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेणाऱ्यांबाबत तसा इशारा दिला. याउलट इप्रोनियाझिड हे क्षयाचं औषध घेणारे रोगी उत्साहात येत, आणि ते औषध रसायनं नष्ट करणारं तेच विकर बंद पाडत होतं. दोन्ही गोष्टी जोडून १९६५ पर्यंत सिद्धांत तयार झाला: मेंदूतली ही रसायनं कमी झाली की नैराश्य. तिथून सेरोटोनिन कमी म्हणजे उदासी, हे सूत्र निघालं आणि आज ते मोबाइलवरच्या प्रत्येक तिसऱ्या व्हिडिओत ऐकू येतं. पण १९५५ सालीच लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंताग्रस्त आणि उदास रोग्यांना रेसर्पीन दिलं, तर त्यांना बरं वाटलं! रसायनं संपवणाऱ्या औषधाने उदासी कमी झाली. हा अभ्यास दशकानुदशकं बाजूला पडून राहिला, कारण तो सूत्रात बसत नव्हता. नैराश्यावरची औषधं अनेकांना उपयोगी पडतात, ती डॉक्टरांना न विचारता कोणी बंद करू नयेत. पण ती उपयोगी पडतात म्हणून ‘सेरोटोनिन कमी पडलं’ हे निदान सिद्ध होत नाही. क्रोसिनने डोकं थांबतं म्हणून डोकेदुखी क्रोसिनच्या कमतरतेने होत नाही.

रेसर्पीन स्वतः आता मागे पडलं आहे. पण पंप अडवण्याची तीच युक्ती, अधिक सौम्य रूपात, टेट्राबेनझीन आणि २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं व्हॅलबेनझीन ही औषधं वापरतात, अनावर हालचालींच्या रोगांवर. आणि सर्पगंधेची भुकटी आजही काष्ठौषधींच्या दुकानात मिळते, ‘बीपीवर नैसर्गिक उपाय’ म्हणून. रेसर्पीनची रक्तदाबाची मात्रा मिलिग्रॅमच्या चौथ्या हिश्शाच्या आत-बाहेर असते. चमचाभर भुकटीत ते किती आहे हे दुकानदाराला माहीत नसतं, तुम्हालाही नसतं. उदासीचा इतिहास असलेल्याने तर तिच्या वाटेला जाऊच नये. वनस्पतीही ओरबाडून ओरबाडून इतकी कमी झाली की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९० पासून निर्बंध आहेत.

सिद्दिकी १९५१ मध्ये पाकिस्तानात गेले. त्यांचे थोरले भाऊ चौधरी खलीकुज्जमाँ मुस्लिम लीगचे मोठे पुढारी, तरी फाळणीनंतर चार वर्षं हे इथेच काम करत राहिले होते. कराचीत त्यांनी रसायनशास्त्राची मोठी संस्था उभी केली, १९६१ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १९९४ मध्ये वारले. फाळणीमुळे त्यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत आलं नाही, आणि हकीमसाहेबांचं उरलं ते पाटीपुरतं.

एल-डोपाचीही एक देशी बाजू आहे. ज्या खाजकुयलीच्या शेंगेला हात लागला की आपण लहानपणी अंग खाजवत सुटायचो, तिच्या बियांमधून तो १९३७ सालीच मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी वेगळा काढला होता, कार्लसनच्या सशाच्या वीस वर्षं आधी. त्याची गोष्ट पुढच्या भागात.